पडलेले झाड आणि तोडणारा माणूस

९ एप्रिल २०२३ रोजी सायंकाळी अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचा जुना वृक्ष वादळात कोसळला आणि सात जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेत सर्वांचे लक्ष झाड पडते त्या क्षणाकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु वादळ ओसरल्यावर ते झाड तोडायला जो पुढे होतो, त्याच्या जिवाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे फारसे आढळत नाही.

नेरकडच्या वाचकांना हे चित्र परके नाही. उन्हाळा सरता सरता वादळ येते, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचा एखादा निंब आडवा होतो, धुऱ्यावरची बाभूळ अर्धी मोडून लोंबकळत राहते. वाहने खोळंबतात आणि वस्तीतून दोनचार मजूर बोलावले जातात. कुऱ्हाड ज्याची त्याची, काम उक्ते, आणि लाकूड बहुधा गुत्तेदाराचे. आपले कार्यकर्तेही सेवाभावाने करवत उचलतात. त्यांच्यासाठीही हे लिहीत आहे.

उभे झाड तोडणे आणि वादळाने पाडलेले झाड तोडणे ही एकच विद्या नव्हे. पडलेले झाड मेल्यासारखे दिसते. वस्तुतः ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते. ओली काठी गुडघ्यावर वाकवून पाहा: बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. खोड दोन्ही टोकांना टेकून मधे अधांतरी असेल, तर त्याची खालची बाजू ताणलेली व वरची दाबलेली असते. अशा खोडावर वरूनच कापत गेले की करवत चिमटीत अडकते. फांदी एका टोकाला धरलेली व दुसऱ्या टोकाला मोकळी असेल, तर सगळे उलटे: ताण वर आणि दाब खाली. तिला वरून घाव घालत सुटले की ती अर्ध्यावर उभी चिरफाळते आणि तोडणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून दाबलेल्या बाजूने आधी उथळ खाच घ्यावी आणि मग ताणलेल्या बाजूने थोडे थोडे, तंतूंचा आवाज ऐकत कापावे. खोड आडवे वाकलेले असेल, तर दाबलेल्या बाजूला उभे राहावे. ते उसळते ते ताणलेल्या बाजूकडे. मोठ्या झाडाखाली कमानीसारखे दडपलेले कोवळे झाड दिसायला निरुपद्रवी असते. त्याला एका घावात तोडणारा माणूस तोंडावर मार खातो. त्याची आतली बाजू वाकाच्या ठिकाणी हळूहळू तासून ताण उतरवावा लागतो.

ही विद्या कोणा तज्ज्ञाची मिरास नाही. जुन्या करवत्यांना ती हाताने ठाऊक असते. अडचण अशी, की तिच्या मुळाशी ‘सावकाश’ हा शब्द आहे आणि उक्त्या कामात सावकाशीला मोल नाही. झाडाभोवती फिरून भार कुठे आहे हे पाहण्यात गेलेला अर्धा तास मजुराच्याच पदरचा जातो. घाई रस्त्याची असते, लाभ लाकूडवाल्याचा असतो, आणि मोडतो तो पाय मजुराचा. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशात १९२३ सालीच झाला. पण वादळाच्या रात्री तोंडी बोलावलेला माणूस कोणाच्या कामावर होता, हे सिद्ध करायला कागद कुठून आणावा?

रुग्णवाहिका अडली असेल तर थांबायचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. तेव्हा ताण नसलेल्या बारीक फांद्या काढून कडेने वाट करता येते का, ते आधी पाहावे. बुंधा सकाळपर्यंत थांबू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके यांत्रिक करवती घेऊन रस्ते मोकळे करीत होती. शिरस्त्राण, दोर आणि शिक्षण पथकाला मिळते. मग गावच्या मजुराला का नाही? निदान दोर, शिरस्त्राणे व चांगल्या धारेच्या करवती ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत पावसाळ्याआधी असाव्यात, मजुरी रोजाने द्यावी आणि पहिल्या घावाआधी नावे हजेरीत लिहावीत. झाड तारेवर नुसते टेकलेले असले, तरी वीज बंद केल्याचे महावितरणच्या माणसाने प्रत्यक्ष सांगेपर्यंत कोणी हात लावू नये. ओले झाड वीज वाहून नेते. आणि ‘हे लाकूड मी तोडणार नाही’ असे अनुभवी मजूर म्हणाला, तर त्याला कामचुकार ठरवू नये. तालुक्यातील साथींनी ही मागणी मे महिन्याच्या ग्रामसभेतच मांडावी.

एक गोष्ट राहिली. मुळासकट उपटलेल्या झाडाची मातीची ढाल, बुंधा कापताच, पुष्कळदा धाडकन खड्ड्यात परत बसते. त्याच खड्ड्यात पोरे खेळायला उतरतात. तेव्हा काम संपेपर्यंत खड्ड्यापाशी एक माणूस उभा ठेवावा, आणि त्याचाही रोज हजेरीत धरावा.