अस्सल बिल्ल्याचे गिऱ्हाईक

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे, निजामाचा हाली शिक्का जमवणारी मंडळी आपल्या नांदेड-लातूर भागात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या हौसेला नावे ठेवायचे कारण नाही. सोनाराच्या मुशीत जाणारे पुष्कळ काही त्यांच्यामुळे वाचले. पण हल्ली या हौसेला एक नवाच फाटा फुटला आहे. जळकोटच्या एका कॉलेजातल्या पोराने मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे केला आणि मीन्याचे जर्मन बिल्ले दाखवले. सायकल मंडळाचे होते, गायन मंडळाचे होते. त्याची नजर मात्र एकावरच होती : हिटलरच्या पक्षाचा गोल बिल्ला, भोवती तांबडे कडे, मधे पांढऱ्यावर काळे, तिरपे स्वस्तिक. ‘अस्सल निघाला तर घेणार,’ म्हणाला.

अस्सल कसा ओळखायचा हे त्याला पाठ आहे. खरा मीना म्हणजे धातूवर वितळवलेली काचेची पूड. भिंगाखाली तो काचेसारखाच दिसतो, टवका उडाला तर काचेसारखाच उडतो, आणि सुईला दाद देत नाही. नकली बिल्ल्यात रंगीत राळ ओतलेली असते, तिच्यात सुई रुतते. धातूची रेघ आणि रंग जिथे भेटतात ती कड स्वच्छ हवी. मग बिल्ला उलटा करायचा. मागे ‘आरझेडएम’ अशी गोल मुद्रा, म्हणजे पक्षाच्या साहित्यावर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीचा शिक्का, आणि ‘एम 1’ पुढे कारखान्याचा आकडा. सोनेरी पानांच्या कड्याचा बिल्ला असेल तर भाव भलताच. तो पहिल्या एक लाखातल्या अखंड सभासदांचा, आणि त्यावर सभासद क्रमांक कोरलेला.

म्हणजे धातू पारखला, काच पारखली, पिनेचा डागही पारखला. हा बिल्ला छातीला लावून माणसे काय करत होती, एवढेच पारखायचे राहिले. ‘आपलंच तर स्वस्तिक आहे,’ हे त्याचे त्यावरचे उत्तर.

पोराला बोल लावून मी मोकळा होणार नाही. तो आपल्या तोंडचे बोलतो आहे. ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य कुठे ऐकू येत नाही? एसटीत, टपरीवर, लग्नाच्या मांडवात, आणि सांगताना लाज वाटते, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आपण प्रेरणादायी पुस्तकांच्या रांगेत मांडतो. 2006 साली नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे हॉटेल थाटले गेले. ज्यू समाजाने हरकत घेतली तेव्हा पाटी बदलली. तोवर शेजारीपाजारी कुणाच्या पोटात कालवले नव्हते. जर्मनीत हे चिन्ह चारचौघांत मिरवणे फौजदारी कायद्याच्या 86 अ कलमाखाली गुन्हा आहे. अभ्यासाला, संशोधनाला, कलेला मोकळीक आहे. ज्यांच्या आजोबांनी तो बिल्ला लावला त्यांना त्याची लाज आहे, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही ते आपण त्याचे गिऱ्हाईक.

शिस्त हवी म्हणता ना? मग त्या शिस्तीचा हिशेब ऐका. साठ लाख ज्यू मारले, हे तुम्ही ऐकून आहात आणि ऐकून सोडून देता, कारण ज्यू तुमच्या वाड्यावस्तीवर राहत नाहीत. पण तुमच्या घरात पांगळे, वेडसर लेकरू असेल, आणि कुणाच्या घरात नाही? गॅसच्या खोल्या त्या राजवटीने आधी अशाच माणसांसाठी उघडल्या. ऑगस्ट 1941 पर्यंत सत्तर हजारांवर मनोरुग्ण आणि अपंग त्यांत मारले गेले, आणि तेही डॉक्टरांच्या सहीने. हिंदुस्थान इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, हे मत हिटलरने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. 1942 साली नेताजी भेटले तेव्हा पुस्तकातल्या हिंदुस्थानविषयीच्या मजकुराचा विषय त्यांनी काढला. त्याने तो टाळला. नेताजींचा आणि त्याचा फोटो शेजारी-शेजारी लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावे. आणि त्याच्या फौजेशी लढताना 10 जुलै 1944 रोजी इटलीत मेलेला यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातला होता, मराठा पलटणीचा नाईक, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. त्याच्या पदकाचे चित्र त्या मोबाइलमध्ये नव्हते.

पण इटलीपर्यंत तरी कशाला जायचे? गणवेश, बिल्ला, एक नेता आणि ‘आपल्यात नाही तो शत्रू’ हा सगळा प्रकार आपल्या उंबऱ्यावर होऊन गेला आहे. निजामाच्या संस्थानातल्या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचाच वकील. जळकोट-उदगीरच्या म्हाताऱ्यांनी त्या दिवसांत गावे सोडून रानात काढलेल्या रात्री ऐकत आपण मोठे झालो. मात्र त्या ऐकण्यातली दोन पाने आपण चिकटवून टाकली आहेत. ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्लाखान मुसलमान होता; हैदराबादने भारतात यावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला मारले, लिहिता हात तोडला. हे पहिले पान. दुसरे याहून अवघड आहे. सप्टेंबरात भारताची फौज आली, निजाम शरण गेला, आणि मग सूड सुरू झाला. तो रझाकारांवर थांबला नाही. ज्यांनी कधी काठी हातात धरली नव्हती अशा विणकरांवर, मजुरांवर, बायकापोरांवर उतरला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने संस्थानभरच्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घातली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. तो अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात बांधून ठेवला गेला. सरकारने दडवला हे खरे, पण आपणही तो कधी मागितला नाही. रझाकारांचे नाव घेताना आपला आवाज चढतो आणि सप्टेंबरनंतरच्या दिवसांपाशी आला की घसा बसतो. दोन्हीकडे मारणारा आपण कुणाच्या तरी नावाने मारतो आहोत, असेच म्हणत होता.

म्हणून आईबापांना, मास्तरांना आणि भाषणे ठोकणाऱ्या पुढाऱ्यांना विचारतो : ज्या मुलाला काचेतला बुडबुडा दिसतो, त्याला हे दिसू नये अशी व्यवस्था कुणी केली? येत्या 17 सप्टेंबरला जळकोटच्या शाळांत झेंडा वर जाईल, मुक्तिसंग्रामावर भाषण होईल. पाहुणा बोलायला उभा राहिला की मुलांनी त्याला दोनच प्रश्न घालावेत. शोएबुल्लाखान कोण होता? आणि सुंदरलालांनी लातूरबद्दल काय लिहून ठेवले आहे?