आंबागडच्या वाटेवर, सावकाश

आपल्या घरांतून बायकांनी बाहेरगावी जायची कारणं ठरलेली असतात. शादी, मय्यत, दवाखाना, नाहीतर ताजबागची हजेरी. तिथे पोहोचायची घाई असते, परतायची त्याहून जास्त. वाटेत काय होतं हे विचारलं तर कुणालाच आठवत नाही, कारण खिडकीकडे बघायला सवड कुणाला होती? मुलं ओकतात, कुणाचा फोन येतो, आणि डब्यातला रस्सा कुठे सांडू नये म्हणून एकीने तो पूर्ण वेळ मांडीवर धरलेला असतो.

नुसतं जायचं म्हणून जाणं आपल्याकडे फारसं नाही. पुरुषांना ते थोडंफार माफ असतं. बाईने म्हटलं की ‘उगाच जाऊन येऊ या कुठेतरी’, तर पहिला प्रश्न येतो, ‘कशाला?’ आणि ती बाई बेवा असेल तर प्रश्नही येत नाही, नुसत्या भुवया वर जातात.

माझ्या मोठ्या नणंदेला, आम्ही त्यांना आपा म्हणतो, गेल्या वर्षी हे दुःख आलं. चार महिने दहा दिवसांची इद्दत त्यांनी पाळली, ती केव्हाच पुरी झाली. शरियतने जेवढी मुदत ठरवली तेवढी संपली, पण मोहल्ल्याने आणि घराने ठरवलेली मुदत काही संपेना. कुणी मनाई केली नव्हती. फक्त कुणी ‘चला’ म्हणत नव्हतं. त्यांच्यासाठी भाजी घरात येई, कपडे घरात येत, डॉक्टरसुद्धा एकदा घरी येऊन गेला. चौदा महिने कामठीतल्या त्या दोन खोल्या, एक अंगण आणि समोरच्या घराची भिंत. अठ्ठावन्न वर्षांची चालती-बोलती बाई सगळ्यांच्या प्रेमाने कोंडली गेली होती. प्रेमाने कोंडलेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. गाडी चालवायला हे, पुढे आपा, मागे मी आणि माझी शाळेतली मैत्रीण. तिला सगळी शाळा ताई म्हणते, मीही म्हणते. अठरा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये एकमेकींचा डबा खाल्ला आहे. तिचं माहेर भंडारा जिल्ह्यात आंधळगावच्या बाजूला. जायचं ठरलं आंबागडला, तुमसरच्या पुढे बारा-तेरा किलोमीटर. आपांनी एकच अट घातली. ‘मी सांगेन तिथे थांबायचं, का ते विचारायचं नाही.’

त्यांनी आम्हाला पहिल्यांदा थांबवलं ते मौद्याच्या अलीकडे कन्हान नदीच्या पुलानंतर, चहाच्या टपरीवर. नंतर भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी. नदी रुंद आणि संथ होती, पाण्यावर धुकं होतं. आपांनी विचारलं, ही येते कुठून? मी वर्गात शिकवते ते सांगितलं, की शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम आहे, तिथून ती मोठा वळसा घालून खाली आपल्याकडे येते. आपा म्हणाल्या, ‘म्हणजे आधी वर जाते, मग फिरून येते?’ मी हो म्हटलं. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

भंडाऱ्याहून मोहाडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना धान. कापणी चालू होती. काही बांध्यांत भारे बांधून ठेवलेले, काहींत नुसते खुंट उभे, आणि त्या खुंटांतून लाखोरीची कोवळी हिरवी पानं वर आलेली. इकडचे शेतकरी उभ्या धानातच ओल असताना लाखोरी पेरून देतात. धान निघालं की खाली दुसरं पीक तयारच असतं, नांगरायची गरज नाही. मधून मधून तलाव लागत होते. या जिल्ह्यात त्यांना मामा तलाव म्हणतात. एका विद्यार्थ्याने मला मागे विचारलं होतं, कोणाच्या मामाचा? मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, पण तलावांना नाव राहिलं. अशाच एका तलावाच्या पाळीवर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. आपांनी गाडी थांबवली. तिथे अर्धा तास गेला आणि नखं काळी झाली.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा रस्ता आणखी एका कारणाने रमवतो. पाट्या वाचत जावं. मौजा अमुक, तहसील तमुक, कुठे खुर्द, कुठे बुजुर्ग. तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे, डोंगरी बुजुर्ग. फारसीत बुजुर्ग म्हणजे थोर, मोठा. खुर्द म्हणजे लहान. एका नावाची दोन गावं असली की मोठं ते बुजुर्ग, धाकटं ते खुर्द. पश्चिम महाराष्ट्रात त्याच बुजुर्गाचं बुद्रुक झालं. ताईला हे माहीत नव्हतं. तिचं बालपण या पाट्यांखालून गेलं आणि तो शब्द आपल्या घरातल्या ‘बुजुर्ग’ माणसांचाच आहे हे कुणी सांगितलं नाही. मुलांना भाषेच्या तासाला असं काही दाखवलं तर व्याकरणापेक्षा जास्त लक्षात राहतं, हा माझा अनुभव.

मोहाडीहून आत वळून आंधळगावला गेलो ते ताईच्या आग्रहाने. हे कोसा विणणाऱ्यांचं गाव. कोश जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तयार होतात. ढिवर कुटुंबं ते किडे झाडावर वाढवतात, पाखरांपासून दिवसभर राखतात. कोश उकळून त्यातून धागा काढतात, पूर्वी बायका तो मांडीवर वळत. इथली करवती काठाची साडी प्रसिद्ध आहे. करवतीच्या दातांसारखे काठ, आणि ते विणायला एकाऐवजी तीन धोटे लागतात, एक मधल्या अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. दर ओळीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवायचा. म्हणून काम हळू.

ताईच्या ओळखीच्या घरात माग चालू होता. खड्ड्यात पाय सोडून एक वयस्क काका बसले होते. आपा दारातच थांबल्या. तुम्हाला सांगायला हवं की माझे सासरे विणकर होते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून जी मोमीन कुटुंबं कामठीत आली त्यांतलंच हे घर. आपांचं लहानपण मागाच्या आवाजात गेलं. सासरे गेले, माग विकला, त्या लाकडाचं पुढे काय झालं हे घरात कुणी काढत नाही.

काकांचा ताण्यातला एक धागा तुटला. ते चष्मा शोधू लागले. आपा पुढे झाल्या, खाली बसल्या, तुटलेलं टोक फणीतून ओढलं, दोन बोटांनी पीळ देऊन गाठ मारली आणि गाठीवर अंगठा फिरवला. सगळं मिळून पाच-सात सेकंद. काकांनी गाठ बघितली, मग आपांकडे बघितलं आणि विचारलं, ‘कोणत्या गावच्या?’ आपा म्हणाल्या, ‘कामठी. पण आमच्याकडे सुती असायचं. हे कोसा पहिल्यांदा हातात आलं. निसटतं फार.’ ‘निसटतं,’ काका म्हणाले, ‘थोडं ओलं करायचं बोट.’

त्यानंतर ती दोघं जे बोलत बसली त्यात आम्हा तिघांना जागा नव्हती. फणीचे दात, मांडी लावायची कशी, पावसाळ्यात सूत कसं फुगतं. काकांची मुलं नागपुरात नोकरीला आहेत, मागावर कुणी बसत नाही. आपांनी विचारलं की एका साडीला किती दिवस लागतात, मिळतं किती. उत्तर ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मजुरीचं ते गणित त्या वडिलांच्या काळापासून ओळखतात. हे दारात उभे राहून घड्याळ बघत होते. मी त्यांना खुणेने बाहेर पाठवलं.

तुमसर ओलांडलं तेव्हा एक वाजत आला होता. पुढे रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला लागतो. धान मागे पडतं आणि साग, मोह, तेंदू सुरू होतात. गडाच्या खाली सावलीत सतरंजी अंथरली. डबे दोन होते, एक कबाब-पराठ्यांचा, दुसरा ताईसाठी वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरीचा. दुसरा डबा आधी संपला, आणि तो संपवण्यात ताईचा हात सर्वात कमी होता.

जोहरच्या वेळी कसरचा वाद निघाला. आपा म्हणाल्या, सहलीला आलोय, सफर कसली, पूर्ण चार पढायच्या. हे म्हणाले, सफर ती सफर, मग कारण शादी असो की शिंगाडे. आपल्याकडे हनफी हिशोबात अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण ७७-७८ किलोमीटर धरतात. गाडीचा काटा बघितला तर कामठी सोडल्यापासून नव्वदच्या पुढे झाले होते. मग दोन-दोन पढलो. सलाम फेरल्यावर आपा म्हणाल्या, ‘म्हणजे मी मुसाफिर आहे आज.’ आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही.

आता गडाबद्दल. साधारण १७०० च्या सुमाराला राजाखान पठाणाने तो बांधला. हा देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार. बख्त बुलंद गोंड राजा, औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लाम स्वीकारला, आणि परत येऊन आपलं राज्य वाढवलं. विखुरलेल्या वस्त्या जोडून १७०२ मध्ये नागपूर वसवलं ते त्यानेच. त्याचं घराणं धर्माने मुसलमान झालं तरी सोयरिकी गोंडांशीच करत राहिलं. आपल्याकडे इतिहास म्हटलं की दिल्ली-आग्रा-हैदराबाद एवढंच डोळ्यापुढे येतं. दीड-दोन तासांवरचा हा गड, गोंडांच्या मुलखातला, पठाणाने बांधलेला, पुढे भोसल्यांकडे गेलेला, तो कुणाच्याच गोष्टीत नीट बसत नाही. त्यामुळे शाळेच्या सहली तिकडे फारशा जात नाहीत. शाळांनी न्याव्यात असं मला वाटतं. आमच्या शाळेत मी हा विषय काढला आहे.

भोसल्यांच्या काळात गडाचा तुरुंग झाला. कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत आणि त्यातच ते मरत, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. मी हे वर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, पण आपांच्या हातात पाण्याची बाटली बघून मनात ठेवलं. खाली आल्यावर सांगितलं.

चढताना आपांच्या गुडघ्यांनी त्रास दिला. हे म्हणाले, आपा खाली बसा, आम्ही फोटो काढून आणतो. ताईने यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय संपला. मग तिनेच पद्धत काढली. वीस पायऱ्या, मग बसायचं. बसलं की ताईने एक झाड ओळखून दाखवायचं. साग, तेंदू, धावडा. ऐन दिसला तेव्हा आपांनी त्याच्या खोडाला हात लावला, मगरीच्या पाठीसारखी साल असते त्याची. ‘याच्यावरच ते कोश?’ ‘याच्यावरच.’ तरणी पोरं आमच्या शेजारून धावत वर गेली, सेल्फी काढून धावत खाली आली, आणि आम्ही अजून अर्ध्यावरच होतो. एकाने जाता जाता म्हटलं, ‘आजी, थोडंच राहिलंय.’ आपा म्हणाल्या, ‘असू दे, मला घाई नाही.’

वर बुरूज, दरवाजा, पडक्या भिंती, गवत. भिंतीवरून खाली जंगल दिसतं आणि त्याच्या पलीकडे धानाचे पिवळे-तपकिरी तुकडे, मध्ये तलावांचे आरसे. आपा दगडावर बसल्या. मला वाटलं भाईजानची आठवण काढतील, मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, ‘दुल्हन, वारा बघ.’ एवढंच. मग दुपट्टा कानामागे खोचून बसून राहिल्या.

उतरेपर्यंत असर झाली. वाटेत एका गावात मशीद दिसली. हे आत गेले. आम्हा दोघींसाठी विचारलं तर तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं की मस्तुरातसाठी सोय नाही. दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. पण महामार्गांवर, बाजाराच्या गावांत कितीतरी मशिदींत एक कोपरा, एक पडदा आणि एक नळ एवढ्याची सोय सहज होऊ शकते. आता आपल्या मुली परीक्षेला, नोकरीला, कॉलेजला रोज प्रवास करतात. त्यांनी नमाज कुठे पढावी, हा प्रश्न कमिट्यांच्या बैठकीत कुणी विचारतं का? हा अंक वाचणाऱ्या घरांत कमिटीचे मेंबर असतील. त्यांनी येत्या बैठकीत तो काढावा अशी माझी विनंती आहे.

आम्ही पुढे निघालो. रस्त्याकडेच्या खळ्यावर मळणी चालू होती. ताईने उतरून तिथल्या बाईला विचारलं. तिने खराट्याने कोपरा झाडला, ताडपत्री पसरली, बादलीभर पाणी ठेवलं आणि मळणी यंत्र बंद करायला पोराला हाक मारली. यंत्र बंद नको म्हणून आपा सांगत होत्या, पण तोवर त्याने केलंच. नमाज होईस्तोवर खळ्यावर सगळं शांत. निघताना त्या बाईने आपांच्या ओटीत मूठभर नवे तांदूळ घातले. त्या भागातली रीत असावी, किंवा तिला तसं वाटलं असावं. आपांनी ते दुपट्ट्याच्या टोकाला बांधले.

परतीच्या वाटेवर मगरिब झाली, अंधार पडला. ताई झोपली. आपा जाग्या होत्या. भंडारा आलं तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली, पण नदी दिसत नव्हती, नुसता गार वारा आत आला.

‘ते उगमाचं गाव कोणतं म्हणालीस?’

‘मुंडारा.’

‘शिवनीला किती लागतात इथून?’

यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एका दिवसात होणार नाही, मुक्काम करावा लागेल.

‘मग मुक्काम करू,’ आपा म्हणाल्या, आणि काच वर केली.