चाकाचा गंज

घरांतील यंत्रांची निगा हा या सदराचा विषय आमच्या वाचकांस नवा नाहीं. आज मात्र आम्ही दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या अशा भागाविषयीं लिहिणार आहों, कीं जो टायर उतरविल्यावांचून दृष्टीस पडत नाहीं.

रत्नागिरीकडील आमच्या एका आप्तांच्या मोटारीचें पुढचें चाक दर आठवड्यास बसूं लागलें. नवरात्रांत वडील माणसांस व मुलांस घेऊन आंबा घाटानें कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जावयाचें होतें. पंक्चर काढणाऱ्यानें टायरचा रस्त्यास लागणारा भाग तेवढा तपासला. छिद्र सांपडलें नाहीं. तेव्हां टायरच नवा घेतला, तरी आठ दिवसांत चाक पुन्हा बसलें! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार. दोष टायरचा नव्हताच. तो लोखंडी रिमचा होता.

डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवेचा टायर प्रचारांत आणला. पुढें ट्यूब असलेल्या टायरांत हवा ट्यूब धरून ठेवी. रिम गंजली तरी ती लगेच निसटत नसे. ट्यूबविरहित टायराची गोष्ट निराळी. त्याची तार घातलेली जाड कड रिमच्या कांठावर घट्ट बसते व तेथेंच हवा अडते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो व पापुद्र्यांनीं सुटतो. खारी हवा, पावसाळा आणि महिनोन् महिने उभी असलेली गाडी, एवढें जुळून आलें कीं त्या कांठावर खवले धरतात आणि रबराखालून हवा झिरपूं लागते.

परीक्षा सोपी आहे. हवा भरून टायर व रिम यांच्या सांध्यावर, तसेंच व्हॉल्व्हच्या बुडाशीं, साबणाचें पाणी सोडावें. बुडबुडे जेथें येतील तेथें दोष.

टायर उतरविण्यापूर्वीं व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडावी. टायर यंत्रावर उतरवून घ्यावा. पहारीनें कड फाटण्याचें भय असतें. मग रिमचे दोन्ही कांठ तारेच्या ब्रशानें व कांचकागदानें चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घांसावे. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडकें असावें. धूळ पुसून, रिम पूर्ण वाळवून गंजरोधक प्रायमरचा एक पातळ हात व त्यावर रंगाचा एक पातळ हात द्यावा. येथें घाई नको. ओल्या रंगावर टायर चढविल्यास केलेलें काम वायां जातें. नट बसण्याच्या जागीं व रिम मोटारीस टेकते तेथें रंगाचे थर देऊं नयेत, कारण त्यामुळें पुढें नट सैल पडतात. जुना रबरी व्हॉल्व्ह याच वेळीं बदलावा. टायरच्या कडेस चिकटलेला गंजहि पुसून काढावा.

चढवितांना कडेस साबणाचें पाणी लावावें. तेल किंवा ग्रीस लावूं नये, त्यानें रबर फुगतें. कड बसवितांना दाब ४० पौंडांच्या वर नेऊं नये. तेवढ्यांत न बसल्यास हवा सोडून कारण शोधावें. हवा भरणाऱ्यानें चाकासमोर न उभें राहतां बाजूस राहावें. पेट्रोलची वाफ पेटवून कड बसविण्याचा खेळ कोणी करीत असल्यास त्यास घरीं पाय ठेवूं देऊं नये!

मात्र घांसल्यावर खोल खड्डे, चीर किंवा वांकलेला कांठ दिसल्यास रंगाचा मोह सोडावा. अशी रिम बदलावी. काटकसर हा गृहस्थाचा गुण खरा. परंतु घाटाच्या वळणावर जी वस्तु सर्व कुटुंबाचा भार वाहते, तिच्या बाबतींत काटकसर कोठें संपते हें ओळखणें, हाहि गुणच होय.

आमच्या आप्तांच्या रिमवरील गंज वरवरचाच निघाला. घांसून रंगविलेल्या चाकाचा दाब त्यांनीं पंधरा दिवस रोज मोजून पाहिला, नटहि पुन्हा आवळून घेतले, आणि मगच दर्शनाचा बेत पक्का केला. जुना टायर त्यांनीं स्टेपनीस ठेवला आहे. तो निर्दोष होता, हें त्यांस थोडें उशिरां कळलें इतकेंच.