जुना गेम ‘टिकला नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

रमजान ईदच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या जुनाट लॅपटॉपवर ‘मोरोविंड’ बघून त्याने तो वीसेक मिनिटं खेळून पाहिला. किनाऱ्यावरच्या एका खेकड्यावर बारा-तेरा वेळा सुरी चालवली, त्यातले दोन वार लागले. लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मामू, स्कायरिम खेळल्यावर हे नाही खेळवत. टिकला नाही हा गेम.”

समोर शीरखुर्मा होता, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता घालतो.

हे ‘टिकला नाही’ प्रकरण फक्त त्याचं नाही. रोल-प्लेइंग गेमची चर्चा निघाली की कुणीतरी हे वाक्य फेकतंच. २०२३मध्ये ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग आला. तो संपवून अनेकांनी १९९८चा पहिला भाग उघडला आणि तासाभरात बंद केला. निकाल ठरलेला, की काळाच्या ओघात बाद. माझं म्हणणं असं, की हा निकाल नसून सवयीची तक्रार आहे. आपला हात नव्या गेमला सरावला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. जुन्या गेमबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

एक संशय आधीच दूर करतो. मी लहानपणीच्या आठवणी उगाळत नाहीये. मोरोविंड २००२चा, मधला ‘ऑब्लिव्हियन’ २००६चा आणि स्कायरिम २०११चा. मी सर्वांत आधी खेळलो तो स्कायरिम, तोही मित्राच्या कॉम्प्युटरवर, रात्र-रात्र जागून. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नव्हतं, स्कायरिम त्यावर कण्हत चालायचा. मोरोविंडला हार्ड डिस्कवर एक जीबी जागा पुरते. म्हणून तो घेतला. म्हणजे मीही उलट्या क्रमानेच आलो आणि पहिल्या खेपेला दोन तासांत काढून टाकला. तेव्हा भाच्याचं दुखणं मला चांगलं माहीत आहे.

आता त्या खेकड्याबद्दल. स्कायरिममध्ये तलवार समोरच्याला टेकली की वार लागतो. मोरोविंडमध्ये प्रत्येक वारामागे फासे पडतात. त्या हत्यारातलं तुमचं कौशल्य किती आणि अंगात दम किती उरलाय, यावर नेम ठरतो. भाच्याने पात्र निवडलं होतं कुऱ्हाडीचं, आणि हातात घेतली सुरुवातीच्या कचेरीत सापडलेली सुरी. वर गावातून किनाऱ्यापर्यंत पळत गेला. पळण्याने दम संपतो, त्याची हिरवी पट्टी रिकामी झाली होती. सुरी कधी हातात न धरलेला, धापा टाकणारा माणूस खेकड्याला मारू शकला नाही. यात गेमची चूक कोणती? हो, तलवार अंगातून आरपार जाताना दिसते आणि वार मात्र चुकतो, हे डोळ्यांना खटकतं. पण हा दोष दाखवण्यातला आहे. नियम ठीकच आहे.

बाकी दोष कबूल करायला मला लाज नाही. सुरुवातीला पात्र गोगलगाईसारखं चालतं. मूळ गेममधली नोंदवही म्हणजे शुद्ध छळ होता, एखाद्या कामाची जुनी नोंद शोधायची तर पानंच्या पानं उलटा. ‘ट्रायब्युनल’ या पुरवणीनंतर ती जरा सुधारली. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी दर दहा पावलांवर अंगावर येतात. आणि जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. १९९६चा ‘डॅगरफॉल’ मी तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा त्याच्या भुयारांत हरवून सोडून दिला. माझ्या हातून तो होणार नाही.

पण सीक्वेल म्हणजे सुधारणाच, ही जी समजूत आहे ती मला मान्य नाही. सीक्वेलमध्ये काही गोष्टी येतात, काही जातात. आलेल्या दिसतात, त्यांची जाहिरात होते. गेलेल्यांची नोंद कोण ठेवतं? मोरोविंडमध्ये २७ कौशल्यं होती. ऑब्लिव्हियनमध्ये २१ झाली, स्कायरिममध्ये १८. हवेत तरंगण्याचा मंत्र ऑब्लिव्हियनपासून गायब झाला. मोरोविंडमधल्या तेलवान्नी जादूगारांच्या मनोऱ्यांत वर जायला जिनाच नसतो. ज्याला उडता येत नाही त्याने त्यांच्या दारी जाऊच नये, असा त्यांचा माज. तो मंत्र गेला तसा तो माजही गेला.

वाटेचंच घ्या. स्कायरिममध्ये काम मिळालं की होकायंत्रावर खूण उमटते. तिच्याकडे तोंड करून चालत सुटायचं. मोरोविंडमध्ये खूण नाही, माणसं वाट सांगतात. आर्कन्थँडचे अवशेष गाठायचे तर बालमोराच्या दक्षिणेतून बाहेर पडा, मूनमॉथ किल्ला लागेल, तिथून पुढे फोयाडा मामाएआ या करपलेल्या दरीवरचा जुना पूल शोधा. पूल ओलांडल्यावरही दार उघडत नाही, कारण ते उघडण्याची कळ जवळच एका पाइपवर आहे. आत जी पेटी आणायची ती मुठीएवढी, फळीवर पडलेली. मला तिला दोन संध्याकाळी लागल्या. कधी कधी सांगितलेली वाट चक्क चुकीची निघते. पण उरुसाला आडगावी निघालेल्या माणसाला हे नवं नाही. टपरीवर विचारलं की “पिंपळापासून डावीकडे, मग शाळा लागंल” असं उत्तर मिळतं आणि शाळा दोन वर्षांपूर्वीच हललेली असते. त्या दोन संध्याकाळींमुळे बालमोराच्या आसपासचा दगड न् दगड मला आजही आठवतो. स्कायरिममध्ये मी शेकडो तास घालवले, त्यातली निम्मी गुहा कुठे होती हे मला सांगता येणार नाही. मी तिथे खूण बघत होतो, डोंगर बघतच नव्हतो.

आणि मानमरातब! स्कायरिममध्ये तासा-दोन तासांत तुम्ही ‘ड्रॅगनबॉर्न’ ठरता. जादूचे चार मंत्र जेमतेम येत असले तरी विंटरहोल्डच्या विद्यापीठाचे प्रमुख होता. मोरोविंडमध्ये जादूगार संघात वरची पायरी हवी तर तेवढं कौशल्य कमवावं लागतं. तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाची चाकरी धरली की बाकीची दोन बंद. एक दार उघडताना दुसरं बंद होतं, तेव्हाच त्या निवडीला काही किंमत येते. रोल-प्लेइंग या शब्दात ‘रोल’ आहे, तो सगळ्यांचा सगळं होण्याचा नसतो.

खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. मोरोविंडच्या कथेच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. लाल पर्वतावरच्या लढाईनंतर नेरेवार या सरदाराचा मृत्यू कसा झाला? मंदिराचे पुजारी एक सांगतात. राखेच्या प्रदेशातल्या भटक्या टोळ्या दुसरं सांगतात, त्यात विश्वासघात आहे. मंदिरातून फुटलेल्या पुजाऱ्यांनी लपवलेली कागदपत्रं तिसरं सुचवतात. देव म्हणवणारा विवेक स्वतः भेटतो तेव्हा त्याची कैफियत निराळीच. गेम शेवटपर्यंत निवाडा देत नाही. तुम्ही भाकितातले वीर आहात की बादशहाने सोयीसाठी पाठवलेले प्यादे, तेही उघडं ठेवतो. इतिहासाच्या एका ओळीवरून जिथे लोक रस्त्यावर उतरतात, अशा राज्यात राहून मी हे वाचत होतो. हो, वाचत होतो. कारण इथे बहुतेक संवाद लिखित आहेत. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक वाक्य नटांच्या आवाजात आलं आणि साहजिकच वाक्यं आखडली, तेच ते आवाज दारोदार ऐकू येऊ लागले. माझ्यासारख्या कच्च्या इंग्रजीच्या माणसाला लिखित संवाद थांबून, डिक्शनरी काढून वाचता येतो. आवाज थांबत नाही. ‘जुनाट’ म्हणून ज्याची टर उडवतात, त्या भिंतभर मजकुराने मला आत घेतलं.

आता म्हणतील, मग नव्या रूपात काढा. २०२५च्या एप्रिलमध्ये ऑब्लिव्हियन तसा आलाच. देखणा आहे, पण शंभर जीबीहून जास्त जागा आणि दमदार ग्राफिक कार्ड मागतो. ज्याच्याकडे ते नाही त्याला मूळ २००६चाच खेळावा लागणार. ‘आता जुना कशाला खेळायचा’ हा सवाल मला नेहमी भारी मशीन असलेल्यांकडूनच ऐकू येतो, हा योगायोग नसावा. उलट ‘ओपनएमडब्ल्यू’ बघा. हौशी मंडळींनी मोरोविंडसाठी नवं इंजिन लिहिलं, फुकट दिलं. तुमच्याकडे मूळ गेम असला की तो साध्या मशीनवर, लिनक्सवर चालतो. ‘टॅम्रिएल रिबिल्ट’वाले तर मोरोविंड बाजारात येण्याआधीपासून त्याचा उरलेला मुलूख उभारायला बसलेत आणि अजून भर घालतायत. बाद झालेल्या गेमसाठी लोक अशी वीसहून जास्त वर्षं खपतात का?

भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं: कुऱ्हाडवाला पात्र घेतलास तर कुऱ्हाडच विकत घे. मारामारीआधी पळू नकोस, हिरवी पट्टी भरू दे. सिल्ट स्ट्रायडरवर न बसता बालमोरापर्यंत एकदा चालत जा. गावाबाहेर पडल्यावर आभाळातून एक किंचाळणारा माणूस खाली पडेल, त्याच्या खिशातल्या गुंडाळ्या काढून घे. पण त्याची वही वाचल्याशिवाय त्या वापरू नकोस.

काल रात्री त्याचा मेसेज आला. वही न वाचताच त्याने गुंडाळी वापरली होती.