लांकूडतोड्याच्या नांवाचा रस्ता

रस्त्यांवरील पाट्या वाचीत चालण्याची मला फार जुनी खोड आहे. बहुतेक पाट्यांवर राजे, सेनापति, पुढारी, नाहींतर देणगीदार भेटतात. गांवाची मोकळी जागा राखली म्हणून एखाद्या सामान्य मनुष्याचें नांव रस्त्यास मिळावें, ही गोष्ट विरळाच. लंडनच्या ईशान्येस एसेक्स परगण्यांत लाउटन म्हणून गांव आहे. तेथील विलिंगेल रोड हा अशांपैकीं एक होय. ज्याचें हें नांव, तो थॉमस विलिंगेल (१७९९–१८७०) विद्वान नव्हता, श्रीमंत तर नव्हताच. तो लांकूडतोड्या होता.

लाउटनला लागूनच एपिंगचें अरण्य आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथील झाडांच्या वरच्या फांद्या सरपणासाठीं तोडण्याचा ग्रामस्थांस परंपरागत हक्क होता. आपल्या वाचकांस गायरान ठाऊक आहेच. गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें जमीन गुरांसाठीं मोकळी ठेवावी, असें मनुस्मृतींतहि सांगितलें आहे. लाउटनचा हक्क याच जातीचा. नोव्हेंबरांतील ठराविक मध्यरात्रीं कोणी तरी पहिला घाव घातलाच पाहिजे, न घातल्यास हक्क बुडेल, अशी समजूत होती. त्या रात्रीं जमीनदारानें सर्वांस मेजवानीस बोलावून मद्यानें गुंगविण्याचा बेत केला, पण विलिंगेल वेळेवर उठून गेला आणि फांदी तोडून परत आला, असें सांगतात. ही आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कोणी घेऊं नये.

इतिहास असा कीं, १८६५ च्या सुमारास जमीनदारानें हजारावर एकर रानास कुंपण घातलें. हे गृहस्थ गांवचे धर्मोपदेशकहि होते! विलिंगेलचें तोडणें थांबलें नाहीं. १८६६ सालीं त्याच्या घरच्या तिघांस शिक्षा झाली. दंड भरण्याचें नाकारल्यामुळें ते तुरुंगांत गेले. १८६५ मध्यें स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटीनें त्याचा दावा उभा केला, परंतु १८७० त वादीच मरण पावला व दावा तेथेंच संपला.

पुढील भाग मला विशेष मौजेचा वाटतो. लंडनच्या महापालिकेनें दफनभूमीसाठीं या प्रदेशांत जमीन विकत घेतली होती. त्या जमिनीबरोबर अरण्यांत गुरें चारण्याचा हक्क आला होता, आणि तो सर्व अरण्यभर चालत असे. त्या आधारावर महापालिका १८७१ त न्यायालयांत गेली. १८७४ त कुंपणें बेकायदेशीर ठरलीं. १८७८ चा कायदा होऊन अरण्य सर्वांसाठीं राखलें गेलें, व १८८२ त व्हिक्टोरिया राणीनें तें लोकांस अर्पण केलें. मढ्यांसाठीं घेतलेल्या जमिनीनें जिवंत झाडें वांचविलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र ज्या हक्कासाठीं विलिंगेल झगडला, तो फांद्या तोडण्याचा हक्क त्याच कायद्यानें काढून घेतला. भरपाईच्या रकमेंतून १८८४ त गांवांत 'लॉपिंग हॉल' हें सभागृह उभें राहिलें. लोकांस फिरावयास रान मिळालें, गरिबाची चूल मात्र विझली. मला हा सौदा सर्वस्वीं न्याय्य वाटत नाहीं. शिवाय छाटणी थांबल्यावर जुन्या झाडांचे माथे अवजड होऊन खालीं दाट सावली पडूं लागली. म्हणून अलीकडे कांहीं भागांत तीच छाटणी मुद्दाम पुन्हां सुरू करावी लागली आहे.

विलिंगेल रोड दुसऱ्या महायुद्धानंतर वसविलेल्या वस्तींतून जातो. त्याच वस्तींतील एका प्राथमिक शाळेसहि या लांकूडतोड्याचेंच नांव आहे.