नात्यातली गाडी

नवी गाडी घ्यायची तर आपल्याकडे दसरा नाहीतर पाडवा पाहतात. खंडेनवमीला, म्हणजे आपल्यातल्या कानडी घरांच्या आयुधपूजेला, तिला झेंडूची माळ घालतात, पुढे कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. जुन्या गाडीला असला मुहूर्त नसतो. तिला पाहायची वेळ मात्र ठरलेली आहे. सकाळी लवकर जावे, इंजिन थंड असावे, ऊन असावे आणि पाऊस पडून गेलेला नसावा. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक कळत नाही. हे शहाणपण माझे नव्हे, आमच्या मेस्त्रींचे. पंचवीस वर्षे माझी दुचाकी त्यांच्याच गॅरेजात जाते.

आईला गुडघ्यांमुळे दुचाकीवर बसवेना, तेव्हा घरात गाडीचा विषय निघाला. नवी घेण्याची ऐपत नव्हती असे नाही, पण मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. शहरात दवाखाना, बाजार आणि महिन्यातून एकदा सौ.च्या माहेरी गोकाकला, एवढ्यासाठी कर्ज कशाला काढा? तेव्हा जुनी छोटी गाडी पाहावी असे ठरले. ही बातमी फोनवरून शिरोळ तालुक्यातल्या मावशीकडे पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मावसभावाचा फोन आला. "दादा, बाहेर कशाला बघतोस? माझी अल्टो घे की. मी मोठी घेतोय. घरातली गाडी घरात राहील."

२०१६ सालची अल्टो ८००, मीटरवर अडतीस हजार किलोमीटर, किंमत दोन लाख दहा हजार. आई खूश झाली. बहिणीच्या घरची गाडी, म्हणजे फसवणूक नाही. मी मेस्त्रींना म्हणालो, नात्यातली गाडी आहे, तुम्ही नुसती नजर टाका. ते म्हणाले, "नात्यातली आहे ना? मग नीटच बघायला पाहिजे. परक्याशी भांडता येतं सर, मावशीशी कसं भांडणार?" आणि त्यांनी एक अट घातली. गाडी जेवणाआधी बघायची. एकदा त्या घरची पुरणपोळी पोटात गेली की दोष दिसला तरी तोंडातून निघत नाही.

रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तर गाडी अंगणात धुऊन पुसून, सुरू करून ठेवलेली. मावसभावाने प्रेमाने केलेले. मेस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला, ते गरम होते. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आधी चहा घेऊ. बंद करून ठेवा." पुढचा तास-दीड तास त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते का, सुरू होताना खडखड येते का, सायलेन्सरमधून कसला धूर येतो, ही खरी परीक्षा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी. गरम केलेले इंजिन यातले बरेच काही झाकून नेते.

तोवर ते गाडीभोवती फिरत राहिले. उजेडाकडे तोंड करून खाली वाकून पत्र्याची रेघ पाहिली. दारे, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते बोटाने चाचपले. एका बाजूची फट जास्त दिसली तर पत्रा ठोकलेला असतो. बॉनेटचे बोल्ट पाहिले. त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडाला असेल तर कोणीतरी ते उघडलेले आहेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते मला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे होते. तो काही गुन्हा नव्हे, पण अडतीस हजारांत इतके टायर कसे बदलले, हा प्रश्न माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही पडला.

मग ड्रायव्हरचे दार उघडून त्यांनी मला ब्रेकचे पेडल दाखवले. रबरावरच्या रेषा पूर्ण गुळगुळीत झालेल्या. स्टिअरिंगही हाताच्या जागी चकचकीत. मीटर खोटे बोलेल, रबर कसे बोलेल? दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याचा एक जुना स्टिकर अर्धवट खरवडलेला होता. त्यावर 'पुढचे ऑइल' म्हणून जो आकडा होता तो एकसष्ट हजारांचा. मावसभाऊ शेजारीच उभा होता. तो वाकून वाचू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. ही गाडी त्याने स्वतः २०२१ च्या डिसेंबरात एका एजंटाकडून घेतली होती. त्याच्या ताब्यात ती फार चाललीच नव्हती. म्हणजे मीटर मागे फिरवले ते त्याच्या आधी, आणि तो मात्र सगळ्यांना भरवशाने 'फक्त अडतीस' सांगत होता.

इथेच थांबलो असतो तर एवढ्यावर निभावले असते, किंमत थोडी कमी करून गाडी घेतलीही असती. पण मेस्त्रींनी पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. रोज बाहेर येतो तो भाग स्वच्छ, आणि अगदी आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग मातकट, त्यावर आडवी रेघ. मग डिकी उघडली, स्टेपनी उचलली. तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, डॅशबोर्डच्या खालच्या स्क्रूंना गंज. आत सुगंधी डबी टांगलेली होती, तिचा वास इतका का येतो ते आता कळले. मेस्त्री माझ्याकडे वळून कानडीत हळूच म्हणाले, "ई गाडि नीराग निंतैत्रि सर." ही गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. मावसभावाला कानडी फारसे येत नाही, म्हणून त्यांनी ही सोय केली होती.

पण दारात मावशी उभी होती, हे आम्ही दोघेही विसरलो. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण. लहानपण बेळगावात गेलेले, शेजार कानडी. तिने पदर खोचला आणि मेस्त्रींना विचारले, "याव वर्षद नीरप्पा?" कुठल्या वर्षाचे पाणी?

शिरोळ भागात हा प्रश्न स्वाभाविक आहे. तिथले लोक वर्षे पाण्यावरून मोजतात. २००५ चा पूर, २०१९ चा, २०२१ चा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने तालुक्यातली गावे वेढली होती, आपल्याकडे घटप्रभा आणि मलप्रभेने तेच केले, पुणे-बेंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच. त्या दोन पुरांत किती गाड्या बुडाल्या आणि साफ होऊन पुन्हा बाजारात आल्या, हे कोण सांगणार? पाणी दोन दिवसांत उतरते. वायरिंगच्या जोडांत आणि सेन्सरांत शिरलेली ओल मात्र वर्षा-दोन वर्षांनी वर येते. गाडी कधी मध्येच बंद पडते, कधी दिवे आपोआप लागतात, आणि गॅरेजवाल्याला दोष सापडत नाही. मेस्त्रींनी वर्ष सांगितले नाही, सांगता येणारही नव्हते. ते म्हणाले, "अदु गोत्तागंगिल्ल अव्वा." ते नाही कळायचे.

त्या अंगणात काही क्षण कोणी बोलले नाही. मला वाटले, आता मावशी म्हणणार, माझ्या लेकाची गाडी खोटी म्हणता? पण ती लेकाकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुलाच फसवलंय की रे." आणि मग आत जाऊन पानं वाढायला लागली. जेवण झाले, पुरणपोळीही झाली. गाडीचा विषय जेवताना निघाला नाही.

वाचकहो, मी परत येताना मनाशी कबूल केले, मेस्त्री सोबत नसते तर मी ती गाडी घेतली असती. इतकेच नव्हे, कागदही केले नसते. कारण फोनवरच ठरले होते, 'नावावर करायची घाई कशाला, एम.एच.-०९ चालू दे की, घरचीच आहे.' आपल्या भागात हे वाक्य किती घरांत उच्चारले जाते! मामाच्या नावाची कोल्हापूरची गाडी भाचा बेळगावात चालवतो, जावयाच्या नावाची के.ए.-२२ सासरे सांगलीत. यात दोन्ही बाजूंना धोका आहे. मोटार वाहन कायद्यातले कलम ४७ सांगते की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावी लागते. आणि समजा, बेळगावात त्या गाडीचा अपघात झाला, तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव, कायद्याने तोच मालक. गाडी विकून मोकळा झालेला माणूस भरपाईतून मोकळा होत नाही. म्हणजे मी बेळगावात कुणाला धडक दिली असती तर नोटीस शिरोळला मावशीच्या दारात गेली असती. ज्याची लाज वाटून आपण कागद मागत नाही, तो कागद विकणाऱ्या नातेवाइकाच्याच रक्षणाचा असतो.

सरहद्दीपलीकडची गाडी घ्यायचीच तर वाट अशी. मूळ आर.टी.ओ.कडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी दंडाची चलने भरलेली हवीत, कर बाकी नको. आर.सी.वर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ बँकेकडून सहीशिक्क्यासह. मग फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलासाठी, आणि इकडे आल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म २७. त्यावर कर्नाटकचा आजीवन कर, गाडीचे वय आणि किंमत पाहून. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी चकरा मारण्याची चिकाटी हवी. हा सगळा खर्च किमतीत आधी मिळवून बघावा. दोन लाखांची 'स्वस्त' एम.एच. गाडी कधीकधी जवळच्या के.ए. गाडीपेक्षा महाग पडते. विमा नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते, ती बहुतेक जण विसरतात. आणि 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणाऱ्याबरोबर जातो, तेव्हा पुढचा हप्ता वाढलेला पाहून एजंटावर ओरडू नये.

शेवटी आम्ही गाडी घेतली ती शहरातलीच, टिळकवाडीतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याची, २०१९ च्या अखेरची वॅगन-आर. वर्ष मुद्दाम पाहिले. त्या वर्षी एप्रिलपासून ए.बी.एस. आणि जुलैपासून चालकापुढची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेकदा दोन्ही नसत. मालकांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरची सगळी बिले फाइलला लावून ठेवली होती, तारखेवार. मेस्त्रींनी तरीही पट्टे ओढून पाहिले, स्टेपनी उचलली, हँडब्रेक लावून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला. इंजिन लगेच बंद पडले, म्हणजे क्लच प्लेट धरते आहे. (ही परीक्षा एकदाच करावी, हौसेने दहादा नव्हे.) मग वंटमुरी घाट चढून उतरून आलो. गृहस्थ म्हणाले, "अगदी डॉक्टरसारखं तपासता हो." त्यांना राग आला नव्हता, उलट आवडले होते.

मावसभावाने ती अल्टो विकली नाही. एक गिऱ्हाईक आले होते, पण मावशीने त्याला पट्टा ओढून दाखवला म्हणे. गाडी अजून त्यांच्याच दारात आहे, वायरिंग बदलून गावातल्या गावात चालते. परवा त्याचा फोन आला होता. कागलला एक गाडी पाहिली आहे, मेस्त्रींना पुढच्या रविवारी वेळ आहे का? मालक लांबचे पाहुणेच निघाले आहेत, पण त्याने आधीच सांगून ठेवले आहे, सकाळी सातला येतो, गाडी सुरू करून ठेवू नका आणि जेवायचा आग्रह करू नका.