उन्हाळ्यात खारघरची टेकडी खरंच 'मरते' का?

मे महिन्यात खारघरच्या टेकड्यांचा फोटो टाकला की खाली ठरलेली कमेंट येते : 'जंगल संपलं.' जुलैमध्ये त्याच टेकड्यांचे हिरवेगार रील्स फिरतात आणि सगळे खूश होतात. मग दोन महिन्यांत जंगल मेलं आणि पुन्हा जिवंत झालं का? तर नाही. हे दोन्ही फोटो आपल्याला फसवतात. कसे, ते समजून घेऊया.

पानं का गळतात?

पानगळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती लाल-पिवळी मेपलची झाडं. ती समशीतोष्ण जंगलातली. युरोप, उत्तर अमेरिकेत अशी जंगलं आहेत, आपल्याकडे हिमालयातही समशीतोष्ण जंगलं आहेत. कडक हिवाळ्यात ऊन कमी मिळतं, जमिनीतलं पाणी गोठतं, त्यामुळे पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड तयारीला लागतं.

खारघरमध्ये प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. इथला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी टिकत नाही. पानांमधून पाण्याची वाफ होते, म्हणून झाड पानंच टाकून देतं. तिथे थंडी, इथे तहान.

पळस, पांगारा, काटेसावर तर पानं नसतानाच फुलतात आणि पक्ष्यांची चंगळ होते. अनेक झाडांना पहिल्या पावसाआधीच पालवी फुटते. म्हणजे मे महिन्यातली करडी टेकडी मेलेली नसते, ती पाणी वाचवत असते.

मग तिला 'पडीक' का म्हणतात?

आपल्याकडच्या सरकारी वनव्यवस्थेची घडी इंग्रजांच्या काळात बसली. १८६४ मध्ये नेमलेले भारताचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस मूळचे जर्मन होते. त्या व्यवस्थेत इमारती लाकूड देणारं जंगल मोलाचं ठरलं, तर गवताळ माळ आणि झुडपं 'पडीक'.

ही समज किती चुकीची आहे, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं जंगल तोडून झालेली नाहीत, ती किमान ७५० वर्षं जुनी आहेत, असं त्यातून पुढे आलं.

खारघरला पाऊस कितीतरी जास्त आहे, त्यामुळे हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आधी जागा नीट बघा आणि मग काय लावायचं ते ठरवा, हा धडा इथेही लागू होतो.

खरा धोका कुठे आहे?

वणव्यात. उन्हाळ्यात या टेकड्यांवर वणवे लागतात, आणि आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. मोठी झाडं त्यातून अनेकदा वाचतात, पण करंगळीएवढी रोपं आणि जमिनीवरचा पालापाचोळा जळून जातो. मग पहिल्या जोरदार पावसात उघडी माती वाहून जाते.

तरीही जुलैत टेकडी हिरवी दिसतेच, कारण गवत लगेच उगवतं. पण जुनी झाडं पडतील तेव्हा त्यांची जागा घेणारी पिढी तिथे नसते. मे महिन्यातला करडा रंग म्हणजे मरण नाही, तसा जुलैतला हिरवा रंग म्हणजे तब्येत ठणठणीत असंही नाही.

आपण काय करू शकतो?

• धूर दिसला तर रील नंतर, आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन.

• रोपं लावायचीच असतील तर स्थानिक. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. आधीच उगवलेली रोपं आगीपासून वाचवली तर खड्डेही कमी खणावे लागतील.

• एक झाड निवडा आणि पालवी, फुलं, फळं कधी येतात ते दर आठवड्याला नोंदवा. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातले लोक अशा नोंदी करतात. जंगलाचा अभ्यास कुठेही असाच होतो : एकच जागा, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा बघून.

आणि पुढच्या मे महिन्यात 'जंगल संपलं' अशी कमेंट दिसली तर तिथे एवढंच विचारा : खाली रोपं आहेत का?